हजारावा चंद्र कोणाचा

दोन हजार पंचवीस सालची कोजागिरी सोमवारी आली, सहा ऑक्टोबरला. उमेळ्यातल्या, रुक्मिणीच्या माहेरच्या घराच्या गच्चीवर त्या संध्याकाळी जे झालं, ते पुढे प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. सीमा म्हणायची, लुईझामावशी बोलल्या म्हणून झालं. निमिष म्हणायचा, राधिकाच्या मोबाइलमुळे झालं. रुक्मिणीला कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ते एकोणसाठ वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. तेव्हा तिला कोणी बोलू दिलं नाही, एवढंच.

राग मात्र त्या संध्याकाळचा नव्हता. आठ दिवस आधी एव्हरशाईन सिटीतल्या तिच्या घरी पत्रिका आली आणि निमिषने, तिच्या मुलाने, ती फ्रिजच्या दारावर लावून टाकली. त्यामुळे दूध काढायला गेलं की वाचावंच लागे: ‘आमच्या घराण्यातील सर्वांत ज्येष्ठ, श्री. जगन्नाथ, यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा.’ आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून सोहळा. खाली बारीक अक्षरांत, ‘औक्षण : धाकटी बहीण सौ. रुक्मिणी.’ नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी सौ. छापलं होतं. पण तिला टोचलं ते सौ. नव्हतं. धाकटी टोचलं.

कारण जगन्नाथ तिच्याहून दोन वर्षांनी लहान होता. तिने त्याला कडेवर घेतलं होतं.

घरात हे आता फक्त तिला आणि जगन्नाथला ठाऊक होतं. रुक्मिणी अकरा वर्षांची असताना आईने अंथरूण धरलं आणि रुक्मिणीची शाळा सुटली. जगूची वेणीफणी नसली तरी अंघोळ होती, डबा होता, चिखलातून शाळेत पोचवणं होतं. संध्याकाळी तो पाढे म्हणायचा आणि चूल फुंकता फुंकता ती त्याच्या चुका काढायची. ताई, ताई करत तो तिच्या पदराला धरून मोठा झाला, कॉलेजात गेला. तिच्या लग्नाची आठवण घरात कोणाला झाली तेव्हा ती चोविशीकडे झुकली होती. आगाशीचं चांगलं स्थळ आलं. त्यांना मुलगी विशीच्या आतली हवी होती. वडिलांची बहीण मध्यस्थ होती. तिने ठोकून दिलं, एकोणीसची आहे.

पण जगन्नाथ एकवीसचा, हे त्या लोकांना आधीच सांगून झालेलं. मग बहिणीला भावाच्या खाली सरकवण्यावाचून इलाज राहिला नाही. आईने दोघांना खाटेजवळ बोलावलं.

“जगू, आजपासून तू मोठा. रुके, तू त्याला दादा म्हण. बघायला येतील तोवर जिभेला सवय होऊ दे.”

आठ दिवस सराव चालला. रुक्मिणी चुकली की आत्या तिच्या दंडाला चिमटा काढायची. जगन्नाथ चुकला तर सगळे हसायचे. पहिले दोन दिवस त्याला मजा वाटली, तिसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि आठव्या दिवशी त्याने तिला हाक मारून पाणी मागितलं, ‘रुक्मे’ म्हणून. ताई गेली ती गेलीच. आईने तिच्याकडून शपथ घेतली होती, जगूचा मान राख.

तिचा जन्म कोजागिरीचा. आपल्याकडे कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात, आश्विनी म्हणतात त्याला. त्यामुळे लहानपणी आईचा दिवा तिला दोन्हींचा मिळायचा, वाढदिवसाचाही आणि थोरलेपणाचाही. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीला ती नवऱ्याबरोबर माहेरी आली, तर आईने तिच्यासमोरून तबक उचललं आणि जगन्नाथला ओवाळलं. पुढे रेशनकार्डावर तिची जन्मतारीख एक जून सत्तेचाळीस पडली. शाळेत ज्यांच्या तारखा ठाऊक नसत त्या अर्ध्या गावाची तारीख एक जूनच होती, कोणी वेगळं विचारलं नाही. आई गेल्यावर आश्विनीचं तबक रुक्मिणीच्याच हातात आलं. दर कोजागिरीला तिने आपल्या धाकट्या भावाला थोरला म्हणून ओवाळलं.

* * *

साडेपाचला निमिषने तिला गच्चीवर आणून बसवलं तेव्हा चंद्र वर यायचा होता. गच्चीवरून पूर्वी वाडी दिसायची. केळी, पानवेली, मध्ये बावखल. त्या तळ्याच्या पाण्यावर तीन पिढ्या जगल्या. आता तिथे सात मजल्यांची इमारत उभी राहत होती आणि बावखलाच्या जागी सिमेंट कालवायचं यंत्र होतं. रुक्मिणीने त्या बाजूला पाठ करून खुर्ची मांडून घेतली.

“आत्या, इकडे वाऱ्याला बसा ना,” सीमा म्हणाली. जगन्नाथची सून; सकाळपासून दूध आटवून तिचा चेहरा लाल झाला होता.

“इथेच बरं आहे. तिकडे बघवत नाही.”

“बघवत नाही तर डोळे मिट,” जगन्नाथ म्हणाला. नवं रेशमी धोतर, खांद्यावर शाल. कठड्याजवळच्या उंच खुर्चीत तो बसला होता. “वर्ष झालं, अजून तुझं बावखल संपत नाही.”

रुक्मिणीने तबक पुढे ओढलं. तबकात वातींवर तेल घातलं आणि सुपारी सरळ केली.

शेजारची लुईझा काठी टेकत आली, हातात झाकलेलं भांडं. या दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना वाढलेल्या. लुईझाचा नवरा डॉमनिक होता तोवर कोजागिरीला तोही यायचा. आता ती एकटी येई आणि दर वर्षी विचारी, दुधात साखर कोणी घातली.

“गो रुक्मिणी, भाऊ तर नवरदेव दिसतो,” ती कानाशी म्हणाली. “नवरी कुठे ठेवलीस?”

“सिमेंटखाली,” रुक्मिणी म्हणाली. लुईझा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग राधिका उभी राहिली. सीमाची मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिने मोबाइलवर काहीतरी शोधून ठेवलं होतं. जन्मतारीख घातली की वार सांगायचं, वय सांगायचं, आणि नाही नाही त्या गमती सांगायचं. हातात छोटा माइक होता.

“आजोबा, पाच डिसेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. वार मंगळवार.”

“तरीच,” सीमा पुटपुटली, आणि निमिषने हसू लपवायला खोकल्यासारखं केलं.

“आजोबा, तुम्ही आत्तापर्यंत सत्तावीस वर्षं झोपण्यात घालवलीत.”

“आणि उरलेली त्रेपन्न तुमच्यासाठी राबण्यात,” जगन्नाथ म्हणाला. सगळे हसले. रुक्मिणीने तबकातली हळद बोटाने सारखी केली.

“आणि आता खरी गंमत. आज उगवेल तो तुमचा बरोब्बर हजारावा चंद्र. ना एक कमी, ना एक जास्त.”

टाळ्या झाल्या. जगन्नाथने शाल नीट केली. मग राधिका एकेकाच्या तारखा विचारत सुटली. सीमा शनिवारची निघाली. निमिषने आपली तारीख दोनदा घालायला लावली, कारण त्याचा वार त्याला आवडला नाही. लुईझाची पाळी आली.

“बारा नोव्हेंबर बेचाळीस,” लुईझा म्हणाली. “गुरुवार. मला नको सांगू. आईला चर्चच्या साफसफाईला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही.”

“गुरुवारच,” राधिका म्हणाली. “मावशी, तुम्ही भारी आहात. आता आत्याआजी. एक जून सत्तेचाळीस. रविवार.”

लुईझा दुधाचा पेला तोंडाशी नेत होती, तो तसाच राहिला.

“कसला जून, पोरी? ही माझ्याहून वीस दिवसांनी मोठी. कोजागिरीची ही. हिच्या आजीने कुंपणावरून माझ्या आईला आटवलेलं दूध दिलं, मी तेव्हा पोटात. शुक्रवार होता, आमच्यात शुक्रवारी मटण नसतं. तेच दूध आणि पाव जेवले सगळे. आई मरेपर्यंत सांगायची, शेजारची चांदण्यात आली आणि आमची मागून.”

निमिष हसला. “मावशी, आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तुम्ही त्र्याऐंशीला टेकलात.”

लुईझाने रुक्मिणीकडे पाहिलं. रुक्मिणीच्या चेहऱ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं, पण बोललेलं मागे घेता येत नव्हतं.

“लुईझाबाई,” जगन्नाथ म्हणाला. आवाज मऊ होता, आणि तोच रुक्मिणीला सहन झाला नाही. “तुमचं वय झालं. डोकं चालत नाही आता. परवा म्हणे स्वतःच्या घराचा जिना चुकलात. राधिका, पुढचं वाच.”

जिना चुकल्याचं खरं होतं. लुईझाने ते एकट्या रुक्मिणीला सांगितलं होतं, भीत भीत, आणि रुक्मिणीने काळजीपोटी सीमाला. लुईझाने पेला खाली ठेवला. 

“असेल बाबा,” ती म्हणाली. “मी विसरते हल्ली. दुसऱ्याच कोणाचं असेल.”

एकोणसाठ वर्षं रुक्मिणीने पुष्कळ गिळलं होतं. हे नाही गिळता आलं. तिची लाज झाकायला लुईझा स्वतःला वेडी ठरवून घेत होती.

तिने मांडीवरचं तबक उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं.

“राधिका, तुझ्या त्या यंत्राला उलटं विचारता येतं का? कोजागिरी आणि शुक्रवार. चाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत बघ. कोणतं साल येतं?”

“रुक्मे,” जगन्नाथ म्हणाला.

“बघ गं.”

राधिकाने आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग मान खाली घालून बोटं चालवली. बराच वेळ लागला. खाली सिमेंटचं यंत्र बंद झालं, तेव्हा ते इतका वेळ चालू होतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

“एकच येतं,” ती माइक बाजूला धरून म्हणाली. “तेवीस ऑक्टोबर बेचाळीस.”

“आता माझा हजारावा चंद्र काढ. जन्माच्या रात्रीचा सोडून. त्या रात्री माझे डोळे मिटलेले होते.”

“आत्याआजी... तो होऊन गेला. दोन वर्षांपूर्वीची नारळी पौर्णिमा.”

“त्या दिवशी मी इथेच होते,” रुक्मिणी म्हणाली. “तुला राखी बांधत होते, दादा. बांधून तुझ्या पाया पडले होते.”

* * *

“आईची शपथ विसरलीस,” जगन्नाथ म्हणाला, आणि त्या एका वाक्याने सगळं कबूल करून बसला.

निमिष उठून उभा राहिला होता. तो पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण आवाज एकदम पोरासारखा झाला. “म्हणजे खरं आहे? आई, तुम्ही लोकांनी बाबांना फसवलंत? खोटं वय सांगून लग्न लावलंत?”

“तुझ्या बाबांना मी लग्नानंतर आठवड्याच्या आत सांगितलं. ते माझ्याहून वर्षभराने लहान निघाले. हसले. म्हणाले, घरात नको सांगू, आई उपास धरेल. आजारी पडले की मात्र मला ‘मोठीबाई’ म्हणायचे. तुला वाटायचं थट्टा करतात.”

निमिष हळूच खाली बसला. त्याला ते मोठीबाई आठवलं असावं.

“आत्या, आज कशाला हे?” सीमा मध्ये पडली. “आठ वाजता लोक येणार आहेत. बाबांचा एक दिवस आहे. उद्या बोला, घरातल्या घरात.”

“घरातल्या घरातच बोलत्येय. लुईझा काय परकी आहे? तिला वेडी ठरवताना नाही कोणी म्हणालं उद्या बोला.”

“मी म्हटलं ते परिस्थिती सांभाळायला म्हटलं,” जगन्नाथ म्हणाला. “तुझ्यासाठीच.”

“माझ्यासाठी? सासू जाऊन चाळीस वर्षं झाली. नवरा गेला. आता कोणापासून झाकतोस? मी तुला वाट मोकळी करून दिली होती, जगन्नाथ. आई गेल्यावर म्हटलं, आता सांगेल. तुझ्या साठीला म्हटलं, आज सांगेल. लुईझासुद्धा समजली होती की ते लग्नापुरतं होतं.”

“तसंच वाटलं होतं, गो,” लुईझा म्हणाली. तिने काठी घट्ट धरली होती.

“दोन वर्षांनी काय बिघडतं?” जगन्नाथचा आवाज चढला. “मोठा म्हणून मी काय मिरवलं? घर कोणी धरून ठेवलं? वडिलांचं आजारपण, वाडीची भांडणं, पोराचं, उमंगचं शिक्षण. तू आगाशीत सुखाने संसार करत होतीस.”

“आणि तुला शिकवून मोठं कोणी केलं ते? ते कोणत्या मोबाइलवर निघतं?”

“झालं. आता ते काढ.”

“काढणारच. गेल्या वर्षी बावखल बुजवायला निघालास तेव्हा मी तुझ्या दारात आले. म्हटलं, बाकी काय करायचं ते कर, पाणी ठेव. तू सगळ्यांदेखत काय म्हणालास?”

जगन्नाथने शालीचं टोक खांद्यावर ओढलं.

“सांग ना. नाहीतर मी सांगते. म्हणालास, धाकट्यांनी मध्ये बोलायचं नसतं, रुक्मे. मला म्हणालास. मला.” तिचा आवाज फाटला. “खेळासारखं सुरू झालेलं ते खोटं आपल्या दोघांचं. त्या खोट्याने माझं तोंड बंद केलंस. तेव्हा तुला ठाऊक होतं कोण धाकटं ते.”

सीमा खाली ठेवलेल्या तबकाकडे बघत होती. ती सावकाश म्हणाली, “बावखलाचं मीही म्हटलं होतं, बाबा. मला म्हणालात, मोठ्यांच्यात तोंड घालू नकोस.”

जगन्नाथ खुर्चीचे हात धरून उठला. सुनेने आजवर त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. शाल खांद्यावरून घसरली. “तू खाली जा. ताबडतोब. या घरात मोठं कोण ते माझ्या गच्चीवर मला शिकवायला...”

“जगू,” रुक्मिणी म्हणाली. “खाली बस.”

ओरडली नाही. चुलीपुढून, पाढा चुकला की जशी म्हणायची, तशी म्हणाली.

आणि तो बसला. बसायचं की नाही हा विचार त्याच्या मनात यायच्या आधीच त्याचे गुडघे वाकले होते. बसल्यावर त्याच्या ते लक्षात आलं, सगळ्यांच्याही आलं. राधिकाने माइक पाठीमागे लपवला. ऐंशी वर्षांचा माणूस, नव्या रेशमी धोतरात, ओठ आवळून समोर बघत राहिला.

पूर्वेला इमारतीच्या सळ्यांमधून चंद्र वर आला होता. कोणाचंच लक्ष नव्हतं.

सीमाने तबक उचललं. वात पेटवताना तिची काडी दोनदा विझली. मग ती रुक्मिणीसमोर येऊन उभी राहिली. “आत्या, पदर घ्या डोक्यावर.”

“पत्रिकेत त्याचं नाव आहे.”

“पत्रिका मी छापली नव्हती.”

दिव्याची धग रुक्मिणीच्या गालांना लागली. तिला वाटलं होतं या क्षणी बरं वाटेल. नाही वाटलं. आईचा हात आठवला, तिच्यासमोरून तबक उचलून नेणारा, आणि राग नव्याने आला. त्या मेलेल्या, आजारी, बिचाऱ्या आईचाही आला. तो तिने येऊ दिला.

“माझंही उरकून टाका,” जगन्नाथ मागून म्हणाला. “दिवा विझेल.”

“तुझी आश्विनी नसते, जगू,” रुक्मिणी मान न वळवता म्हणाली. “चंद्राला हात जोड. तुझा हजारावा आहे, तो कोणी काढून घेत नाही.”

आठ वाजता पाहुणे आले, दूध प्यायले, जगन्नाथला शाली देऊन गेले. त्याने सगळ्या घेतल्या. ताई हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

* * *

लुईझा त्या नाताळानंतर गेली, झोपेत. शेवटी शेवटी मुलांची नावंही तिला आठवत नव्हती, पण रुक्मिणी भेटायला गेली की म्हणायची, ही वीस दिवसांनी मोठी. निमिषने आईची तारीख सरकारदरबारी बदलायचं मनावर घेतलं, दोनदा रांगेत उभा राहिला, मग रुक्मिणीनेच त्याला थांबवलं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं होतं. तो आता तिला मधूनच मोठीबाई म्हणतो. राधिका नोकरीला लागली आणि लोकांचे वार सांगायचं तिने सोडून दिलं. सीमाने घरामागे, इमारतीच्या कुंपणाला लागून, चार हात जागा मोकळी ठेवून घेतली आणि तिथे पानवेल लावली. पाणी नळाचं घालावं लागतं. सासरा तिला विचारून मगच कोणाला शब्द देतो, असं ती सांगते. खरंखोटं तिलाच ठाऊक.

जगन्नाथचा हिशेब मात्र त्या कोजागिरीनंतर सतरा दिवसांतच पुरा झाला. त्या वर्षी भाऊबीज नेमकी तेवीस ऑक्टोबरला, तिच्या खऱ्या तारखेला, आली. तो येईल असं रुक्मिणीला वाटलं नव्हतं. दुपारी बेल वाजली. राधिकाच्या खांद्यावर हात ठेवून तो आत आला, पाटावर बसला. तिने ओवाळलं. दर वर्षी या वेळी ती वाकायची. ती उभी राहिली.

जगन्नाथ भिंतीला धरून उठला. एक हात राधिकाच्या हातात देऊन वाकू लागला. गुडघे कुरकुरले. मोठी माणसं अशा वेळी अर्ध्यातच खांदे धरतात, पुरे पुरे, राहू दे म्हणतात. राधिका तिच्याकडे बघत होती, निमिषही बघत होता.

रुक्मिणीने हात पुढे केले नाहीत. त्याची बोटं तिच्या पायाला लागेपर्यंत तिने त्याला वाकू दिलं.